रोजचे सौर हवामान: अंदाज कसा वाचावा आणि आपला आपण कसा बांधावा

सूर्यावर आज काय घडते आहे आणि त्यामुळे पुढचे तीन दिवस पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र शांत राहील की खवळेल, याचा अंदाज दररोज प्रसिद्ध होतो आणि तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे असलेले अवकाश हवामान अंदाज केंद्र हे काम अहोरात्र करते. बेल्जियमची रॉयल वेधशाळा आणि ब्रिटनचे हवामान खातेही आपापले अंदाज देत असतात. बोल्डरचे सविस्तर टिपण यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, ००:३० आणि १२:३० वाजता निघते, म्हणजे आपल्या घड्याळात सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. भारतातल्या वाचकाला याहून सोयीची वेळ मिळाली नसती.

हौशी रेडिओचालक, खगोल मंडळातील निरीक्षक, जीपीएसवर मोजणी करणारे सर्वेक्षक आणि विज्ञानाचे शिक्षक यांच्यापैकी जे या विषयाकडे नव्याने वळत आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. मी अनेक वर्षे रोज ही टिपणे वाचत आलो आहे, आणि त्यातून एक पद्धत पक्की झाली आहे: तज्ज्ञांचा अंदाज उघडण्यापूर्वी मूळ आलेख स्वतः पाहावेत, आपला अंदाज आकड्यांत लिहावा आणि मगच त्यांचा वाचावा. उलट क्रमाने गेल्यास टिपणातील वाक्ये ओळखीची होतात, पण सूर्य ओळखीचा होत नाही.

पहिली पायरी: वही आणि घड्याळ

एक साधी आखीव वही घ्यावी आणि दर दिवसाला एक ओळ द्यावी. रकाने सहाच पुरेत: सौरडागांची संख्या, एफ १०.७ हा रेडिओ प्रवाह, चोवीस तासांतील सर्वांत मोठी सौरज्वाला, सौरवाऱ्याचा वेग, दिवसातील सर्वाधिक केपी (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ दाखवणारा निर्देशांक), आणि आपला उद्याचा अंदाज. संगणकावर तक्ता ठेवायलाही हरकत नाही. तरीही हाताने लिहिलेला आकडा लक्षात राहतो, हा माझा अनुभव आहे.

तारखेबाबत पहिल्याच दिवशी शिस्त लावावी. सर्व नोंदी यूटीसीत असतात आणि यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. त्यामुळे रात्री उशिरा किंवा पहाटे पाहिलेली घटना आपण आजची म्हणतो, तर नोंदवहीत ती कालची असते. १० मे २०२४ च्या महावादळाने सर्वोच्च पातळी गाठली ती २२:५४ यूटीसीला. भारतीय प्रमाणवेळेनुसार तेव्हा ११ मे उजाडून पहाटेचे ४ वाजून २४ मिनिटे झाली होती. वहीत दोन्ही वेळांची सरमिसळ झाली, तर महिन्याभराने मागे वळून पाहताना कशाचा कशाला मेळ लागत नाही. म्हणून वहीत फक्त यूटीसी लिहावी. साडेपाच तास मिळवण्याचे काम मनात करावे.

दुसरी पायरी: सूर्यबिंब पाहणे

फेब्रुवारी २०१० मध्ये सोडलेले सौर गतिकी वेधयान सूर्याची छायाचित्रे सतत पाठवत असते. त्यांतले साध्या प्रकाशातले चित्र आणि चुंबकीय चित्र शेजारी शेजारी उघडावे. ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांनी स्वतः डाग पाहावेत, परंतु सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवल्याशिवाय एक क्षणही डोळा लावू नये. नेत्रिकेकडे लावायचे छोटे फिल्टर उष्णतेने तडकतात आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आपल्याकडे सूर्य दिसणेच दुर्मीळ होते, त्या काळात यानाच्या चित्रांवर भागवावे.

डाग मोजण्याची रीत एकोणिसाव्या शतकात झुरिकच्या रुडॉल्फ वोल्फ यांनी घालून दिली आणि ती आजही चालते: जितके गट असतील त्यांच्या दहापटीत सुटे डाग मिळवायचे. तीन गट आणि एकूण सतरा डाग असतील तर संख्या सत्तेचाळीस होते. निरीक्षक आणि दुर्बीण यांच्याप्रमाणे त्याला एका गुणांकाने गुणतात, त्यामुळे दोन केंद्रांचे आकडे जुळले नाहीत तरी गोंधळू नये. एफ १०.७ हा आकडा मात्र माणसाच्या नजरेवर अवलंबून नाही. कॅनडातील पेंटिक्टन येथे १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर सूर्याचा रेडिओ प्रवाह मोजला जातो आणि २०:०० यूटीसीचे, म्हणजे आपल्या मध्यरात्रीनंतर दीड वाजताचे, मोजमाप त्या दिवसाचे मानले जाते. सूर्य अगदी सुस्त असताना तो ६५ ते ७० च्या घरात असतो. चक्राच्या कळसाला दोनशेच्या पुढे जातो. लघुलहरींवर बोलणाऱ्यांसाठी हाच आकडा सर्वांत उपयोगाचा आहे, कारण आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, किती उंच वारंवारितेपर्यंतच्या लहरी परत पाठवू शकेल हे तो सुचवतो.

आता चुंबकीय चित्राकडे यावे. त्यात एका ध्रुवाचे क्षेत्र पांढरे आणि विरुद्ध ध्रुवाचे काळे दिसते. मोठा डाग म्हणजे धोकादायक डाग, असा नवख्यांचा समज असतो. तो सोडून द्यावा. एखादा प्रचंड, गोल, एकाच ध्रुवाचा डाग दोन आठवडे बिंबावरून मुकाट सरकत जातो आणि काहीही करत नाही. धोका असतो तो पांढरे आणि काळे एकमेकांत घुसलेले असतात तिथे. माउंट विल्सन वेधशाळेच्या वर्गीकरणात अल्फा म्हणजे एकध्रुवी, बीटा म्हणजे सरळ द्विध्रुवी, गॅमा म्हणजे सरमिसळ, आणि डेल्टा म्हणजे विरुद्ध ध्रुवांचे गडद गाभे एकाच उपछायेत, म्हणजे डागाच्या फिकट कडेत, अडकलेले. टिपणात ‘बीटा-गॅमा-डेल्टा’ हे शब्द दिसले की त्या गटाचा क्रमांक वहीत अधोरेखित करावा आणि दररोज दोन प्रश्न विचारावेत: तो वाढतो आहे काय, आणि तो बिंबावर कुठे आहे?

जागा का महत्त्वाची, हे नीट समजून घेतले पाहिजे. पूर्व कडेवरचा गट अजून आपल्याकडे वळायचा आहे. मध्यरेषेजवळचा गट थेट आपल्या रोखाने असतो. त्यातून सुटलेला चुंबकित वायूचा ढग पृथ्वीवर येण्याची शक्यता सर्वाधिक. पश्चिमेकडे साधारण पंचावन्न-साठ अंशांवर गेलेला गट ढगाच्या दृष्टीने कमी काळजीचा असतो, परंतु सूर्य फिरत असल्यामुळे त्याच्या चुंबकीय रेषा अवकाशात वळणदार पसरतात आणि नेमक्या त्याच भागाला पृथ्वीशी जोडतात. म्हणून वेगवान प्रोटॉनांचा मारा बहुधा पश्चिमेकडच्या गटांतून होतो.

तिसरी पायरी: क्ष-किरणांचा आलेख

भूस्थिर कक्षेतील गोझ उपग्रह सूर्याकडून येणारे क्ष-किरण सतत मोजतात. त्यांच्या आलेखात उभ्या अक्षावर ए, बी, सी, एम, एक्स ही अक्षरे असतात आणि प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा दहापट तीव्र असते. एम ५ ही एम १ च्या पाचपट आणि एक्स १ ही एम १ च्या दहापट. एक्स १ म्हणजे दर चौरस मीटरला एका वॉटचा दहा हजारावा भाग. आकडा इतका लहान असूनही सूर्यप्रकाशात असलेल्या अर्ध्या पृथ्वीवरचे लघुलहरी संपर्क तेवढ्याने तासभर बंद पडू शकतात.

इथे वेळेचा पहिला हिशेब येतो. ज्वालेचे क्ष-किरण प्रकाशाच्या वेगाने येतात, त्यामुळे सव्वाआठ मिनिटांत परिणाम सुरू होतो आणि आपण ज्वाला पाहतो तेव्हा तो सुरू झालेलाच असतो. अशा घटनेची आगाऊ सूचना देता येत नाही. देता येते ती केवळ शक्यता. टिपणात पुढील तीन दिवसांसाठी ‘एम वर्ग ५५ टक्के, एक्स वर्ग १० टक्के’ अशा धर्तीचे आकडे असतात, ते यासाठीच. रेडिओ संपर्क खंडित होण्याची श्रेणी आर १ ते आर ५ अशी आहे: एम १ ला आर १, एम ५ ला आर २, एक्स १ ला आर ३, एक्स १० ला आर ४ आणि एक्स २० ला आर ५. ज्वाला आपल्याकडे दुपार असताना झाली तर लघुलहरींच्या खालच्या वारंवारिता आधी मावळतात आणि सर्वांत शेवटी परततात. तीच ज्वाला आपल्या रात्री झाली तर महाराष्ट्रातल्या रेडिओला तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून ज्वालेची वेळ लिहिताना शेजारी आपल्याकडे दिवस होता की रात्र, हेही लिहावे.

आलेखाचा आकारही पाहावा. सुईसारखी टोकदार, दहा मिनिटांत ओसरणारी ज्वाला बहुतेक वेळा एकटीच येते. चढून तासन्‌तास हळूहळू उतरणारी ज्वाला असेल, तर तिच्याबरोबर द्रव्यही बाहेर फेकले गेले असण्याचा संभव बराच वाढतो. अशा वेळी लगेच चौथ्या पायरीकडे जावे.

चौथी पायरी: सूर्यापासून काय निघाले

किरीटातून, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातून, अब्जावधी टन चुंबकित वायू एकाएकी सुटतो, त्या घटनेला सगळे जण सीएमई म्हणतात. तो पाहण्यासाठी सूर्यबिंब झाकून भोवतालचा किरीट टिपणारे कॅमेरे लागतात. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या सोहो यानावरील लॅस्को हा कॅमेरा हे काम गेली अनेक वर्षे करतो आहे. चित्रात ढग एका बाजूला गेलेला दिसला, तर तो बहुधा आपल्या वाटेवर नाही. झाकलेल्या बिंबाभोवती सर्व बाजूंनी कडे पसरताना दिसले, तर तो आपल्या दिशेने येतो आहे किंवा नेमका उलट दिशेने जातो आहे. या दोहोंतले खरे कोणते, हे बिंबाच्या चित्रावरून ठरवावे: त्याच वेळी आपल्या बाजूला ज्वाला किंवा तुटलेला तंतू (बिंबावर काळ्या रेघेसारखा दिसणारा वायूचा पट्टा) दिसतो काय?

वेळेचा हिशेब कागदावर करता येतो. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाऱ्याला चार दिवसांहून थोडे अधिक लागतात, आणि २००० किलोमीटरच्या ढगाला एकवीस तास. प्रत्यक्षात वेगवान ढग वाटेत मंदावतो आणि मंद ढगाला वारा ओढून नेतो, म्हणून केंद्रे संगणकीय प्रारूपे चालवतात. तरीही आगमनाच्या वेळेत सहा ते बारा तासांची चूक नेहमीची आहे. अंदाजात ‘११ तारखेच्या पूर्वार्धात’ असे मोघम शब्द दिसले तर तो हलगर्जीपणा समजू नये. ती प्रामाणिक मर्यादा आहे.

ढगांखेरीज दुसरा स्रोत म्हणजे किरीटविवर. अतिनील चित्रांत काळपट, मोकळ्या दिसणाऱ्या या भागातून ५०० ते ८०० किलोमीटर वेगाचा वारा सुटतो. सूर्य पृथ्वीवरून पाहता साधारण २७ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, आणि किरीटविवरे महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे वहीत २७ दिवस मागे जाऊन त्या ओळीत वेग चढला होता काय, केपी ५ झाला होता काय, एवढे पाहिले तरी नवशिक्याचा उद्याचा अंदाज आश्चर्य वाटावे इतका बरोबर येऊ लागतो. सध्याच्या पंचविसाव्या चक्राने डिसेंबर २०१९ पासून चढत ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास कळस गाठला. चक्राच्या उतरत्या बाजूला अशी पुनरागमने अधिक ठळक असतात, त्यामुळे शिकायला हा काळ चांगला आहे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या विषुवकाळांत त्याच वेगाचा वारा चुंबकीय क्षेत्राला जास्त ढवळतो, हेही हिशेबात धरावे.

पाचवी पायरी: एल-१ वरची चौकी

पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर एल-१ नावाचा बिंदू आहे. १९९७ मध्ये सोडलेले एस आणि २०१५ मधले डिस्कव्हर ही अवकाशयाने तिथे राहून सूर्याकडून येणारा वारा मोजत आली आहेत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये या कामासाठी नवे यान सोडण्यात आले. भारताचे आदित्य-एल१ हेही ६ जानेवारी २०२४ पासून तिथल्याच कक्षेत आहे, आणि त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने बांधली आहे.

इथे पुन्हा हिशेब करावा. पंधरा लाख किलोमीटर अंतर ४०० च्या वेगाने कापायला एक तास दोन मिनिटे लागतात, ८०० च्या वेगाने एकतीस मिनिटे. चौकीवर धक्का नोंदवला गेला की आपल्याकडे तेवढाच वेळ उरतो.

आणि याच चौकीवर अंदाजातला सर्वांत मोठा प्रश्न सुटतो. ढगाबरोबर आलेल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक बीझेड या नावाने दाखवतात. तो उत्तरेकडे, म्हणजे धन असेल तर पृथ्वीचे क्षेत्र बऱ्याच अंशी कवाड लावून बसते आणि वेगवान, दाट ढगही फारसे काही न करता निघून जातो. तो दक्षिणेकडे, म्हणजे ऋण असेल आणि तासन्‌तास तसाच राहिला, तर दोन्ही क्षेत्रे जोडली जातात आणि ऊर्जा आत शिरते. उणे ५ नॅनोटेस्लाकडे (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) लक्ष द्यावे, उणे १० तीन तास टिकले तर वादळ धरून चालावे. ढग सूर्यापासून निघताना त्याच्या पोटात बीझेड कोणत्या दिशेला असेल, हे आज भरवशाने सांगता येत नाही. चुंबकीय वादळांची श्रेणी जी १ ते जी ५ अशी असते. ‘जी ३ चा अंदाज होता आणि काहीच झाले नाही’ अशी तक्रार नवे वाचक करतात, तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

मे २०२४ चे उदाहरण घ्यावे. १३६६४ क्रमांकाचा गट काही दिवसांत फुगून पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरा-सोळापट रुंद झाला आणि त्यातून एकामागून एक ढग पृथ्वीच्या रोखाने निघाले. बोल्डरने ९ मे रोजी जी ४ चा वॉच, म्हणजे आगाऊ सूचना, जाहीर केला; तसा वॉच २००५ नंतर प्रथमच दिला गेला होता. आपल्याकडे १० तारखेच्या रात्री दहाच्या सुमारास एल-१ वर धक्का नोंदवला गेला आणि सुमारे अर्ध्या तासाने पृथ्वीवरील चुंबकमापकांनी उडी घेतली. त्या रात्री मी वेगाचा आलेख सोडून बीझेडच्याच रेषेकडे पाहत बसलो होतो, आणि ती शून्याखाली गेल्यावर पुन्हा वर येईना, तेव्हा वहीत लिहिलेला ‘जी ४’ अपुरा ठरणार हे स्पष्ट झाले. ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच जी ५ ची पातळी गाठली गेली, आणि लडाखमधील हान्ले येथून आकाशात लाल झाक टिपली गेली.

सहावी पायरी: पृथ्वीवरचे मोजमाप

केपी हा निर्देशांक तीन तासांचा असतो आणि शून्य ते नऊ या श्रेणीत मोजला जातो. जगभरातील १३ वेधशाळांच्या नोंदींवरून जर्मनीतील पॉट्सडॅम येथे त्याची अधिकृत किंमत काढली जाते; बोल्डरचा आकडा हा तातडीने काढलेला अंदाज असतो. शून्य ते दोन म्हणजे शांत, तीन अस्वस्थ, चार सक्रिय, आणि पाचपासून वादळ: केपी ५ ला जी १, ६ ला जी २, ७ ला जी ३, ८ ला जी ४ आणि ९ ला जी ५. केपीची पायरी सरळ रेषेत चढत नाही, म्हणून सरासरी काढण्यासाठी त्याचे एपीमध्ये रूपांतर करतात: केपी ३ चे १५, ५ चे ४८, ७ चे १३२ आणि ९ चे थेट ४००. दिवसाच्या आठ केपींची साधी सरासरी वहीत लिहू नये, ती फसवी ठरते.

मात्र आपल्या वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. त्या तेराही वेधशाळा मध्यम ते उच्च चुंबकीय अक्षांशांवर आहेत. विषुववृत्ताजवळच्या आपल्या प्रदेशासाठी क्योटोत काढला जाणारा डीएसटी निर्देशांक अधिक बोलका आहे. तो पृथ्वीभोवती वाहणाऱ्या वलयप्रवाहामुळे क्षेत्र किती नॅनोटेस्लाने घटले हे सांगतो. उणे ५० ला मध्यम वादळ, उणे १०० ला तीव्र. मे २०२४ मध्ये तो उणे ४०० च्या आसपास गेला.

हे घटणे आपल्या दारात मोजले जाते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय नोंदी १८४१ पासून होत होत्या, आणि सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध कॅरिंग्टन वादळात तिथल्या उपकरणाने सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट टिपली. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही त्या नोंदीकडे वळतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत म्हणून तिचे संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळा अलिबागला नेली. १९०४ पासून तिथे लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत मोजमाप अखंड चालू आहे, आणि आता ती नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. अलिबागला क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. म्हणजे ४०० ची घट ही साधारण एक टक्का. होकायंत्रात ती दिसणार नाही, परंतु वीजवाहिन्यांच्या लांबलचक जाळ्यात प्रवाह निर्माण करायला उच्च अक्षांशांवर असे बदल पुरेसे ठरतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती.

अलिबागसारख्या ठिकाणचा आलेख पाहताना एक चूक टाळावी. अगदी शांत दिवशीही सकाळपासून दुपारपर्यंत रेषा काही दशक नॅनोटेस्लांनी चढते आणि संध्याकाळी उतरते. ही सूर्यप्रकाशाने आयनांबरात रोज वाहणाऱ्या प्रवाहांची नेहमीची चाल आहे. तिला वादळ समजू नये. वादळ वेगळे दिसते: आधी एखादी अचानक उडी, मग काही तासांत खोल घसरण, आणि नंतर दोन-तीन दिवस रेंगाळत भरून येणे.

सातवी पायरी: आपला अंदाज लिहिणे आणि तपासणे

आता टिपण उघडण्याआधी तीन आकडे लिहावेत: पुढच्या चोवीस तासांत एम वर्गाची ज्वाला होण्याची शक्यता किती टक्के, एक्स वर्गाची किती, आणि केपी ५ किंवा अधिक होण्याची किती. ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे लिहू नये. सुरुवात सोपी ठेवावी: काल जसे होते तसे आज राहील असे धरून, त्यात सूर्यबिंबावरील गट, वाटेत असलेला ढग आणि २७ दिवसांपूर्वीची ओळ यांप्रमाणे वाढ किंवा घट करावी. मगच बोल्डरचे आकडे वाचून शेजारी लिहावेत आणि फरक का पडला याचे कारण त्यांच्या टिपणात शोधावे. बहुधा ते एखाद्या वाक्यात सापडते: गट विरू लागला आहे, किंवा ढगाचा केवळ काठ लागेल. शिकणे खरे तर याच क्षणी होते.

तपासणीचे गणितही सोपे आहे. घटना झाली तर १ आणि नाही झाली तर ० धरावे, आपल्या शक्यतेतून तो आकडा वजा करून वर्ग करावा. ३० टक्के म्हटले आणि घटना झाली नाही, तर दंड ०.०९, झाली, तर ०.४९. शंभर टक्के खात्री दिली आणि घटना झाली नाही, तर पूर्ण १. महिन्याची सरासरी जितकी कमी तितका अंदाज चांगला. स्वतःची सरासरी आणि ‘कालचेच आज’ असे डोळे मिटून म्हटले असते तर आलेली सरासरी, यांची तुलना करावी. पहिली दुसरीपेक्षा कमी येईपर्यंत नवे आलेख वहीत घेऊ नयेत. तज्ज्ञही याच कसोटीवर चुकतात आणि ते लपवत नाहीत. पंचविसाव्या चक्राचा कळस ११५ च्या आसपास आणि जुलै २०२५ मध्ये येईल असा आंतरराष्ट्रीय गटाचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो लवकर आला आणि १६० च्या आसपास गेला.

सूचनांचे तीन शब्दही वेगवेगळे वाचावेत. वॉच म्हणजे एक ते तीन दिवस आधीची शक्यता, वॉर्निंग म्हणजे एल-१ वरच्या मोजमापावरून दिलेला काही मिनिटे ते काही तासांचा इशारा, आणि अलर्ट म्हणजे पातळी प्रत्यक्ष ओलांडल्याची नोंद. समाजमाध्यमांवर वॉचचा आकडा घडलेल्या गोष्टीसारखा फिरतो, तेव्हा हा भेद शेजाऱ्यापाजाऱ्यांना जरूर सांगावा.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी अर्थ

आपल्याकडे ध्रुवीय प्रकाश दिसेल या आशेने रात्र जागवू नये. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तो मुंबईतून दिसल्याची नोंद आहे, परंतु तशी वादळे शतकातून एखाददुसरी. आपल्यासाठी महत्त्वाच्या गोष्टी दोन आहेत. पहिली, दिवसाच्या ज्वालांनी लघुलहरी संपर्क तुटणे. दुसरी, सूर्यास्तानंतर आयनांबरात वर चढणारे विरळ बुडबुडे, ज्यांच्यामुळे जीपीएसचा संकेत थरथरतो आणि अचूक मोजणी बिघडते. हे बुडबुडे चुंबकीयदृष्ट्या शांत रात्रीही होतात, विषुवकाळांत आणि एफ १०.७ जास्त असताना अधिक होतात, आणि केपीच्या आकड्यावरून त्यांचा अंदाज बांधता येत नाही. सर्वेक्षकांनी त्या महिन्यांत नाजूक मोजणी संध्याकाळी सात ते मध्यरात्र या वेळात ठेवू नये.

लहान वादळालाही कमी लेखू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह खालच्या कक्षेत सोडल्यानंतर जी १ इतक्या किरकोळ वादळाने वरचे वातावरण फुगले, घर्षण वाढले आणि त्यांतले सुमारे चाळीस उपग्रह परत खाली येऊन जळाले.

वहीला तीन महिने झाले की सातवा रकाना आखावा आणि त्यात केवळ एल-१ वरील बीझेडचा दिवसातला किमान आकडा आणि तो किती तास शून्याखाली राहिला, एवढेच लिहावे. पुढच्या वेळी वेग ७०० असूनही केपी ३ वरच थांबला, तर त्या ओळीत आधी हाच रकाना पाहावा.